खानावळीचा हिशेब

दिवाळी अंक चाळायला घेतले किंवा रविवारची पुरवणी उघडली, की एक लेख हमखास सापडतो. साठी-सत्तरी ओलांडलेले कोणी गृहस्थ आपल्या तरुणपणीच्या हॉटेलांच्या आठवणी काढत असतात. अमक्या नाक्यावरच्या इराण्याकडचा ब्रून मस्का, तमक्या बोळातली मिसळ, परीक्षेच्या रात्री प्यायलेला चहा आणि शेवटी ठरलेला सुस्कारा : गेले ते दिवस, आता ती चव राहिली नाही. मी हे लेख आवडीने वाचते. तोंडाला पाणीही सुटतं. दादरचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० सालचं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ चं, पुण्याची बादशाही बोर्डिंग १९३२ ची, हे सगळं मला अशाच लेखांतून पाठ झालं आहे. शहराचा इतिहास लिहिण्याची ही चांगली रीत आहे, असंही माझं मत आहे. सनावळ्यांपेक्षा वाटाण्याच्या उसळीतून शहर लवकर कळतं.

पण इतके लेख वाचल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. या लेखांमध्ये बाया कुठे आहेत? मी शोधल्या. दोनच ठिकाणी सापडल्या. एक, शेवटच्या परिच्छेदात, 'आईच्या हातच्या' थालीपिठाशेजारी. दुसरी, फॅमिली रूमच्या पडद्याआड, आणि तीही बहुधा लेखकाची होणारी बायको असते. बाकी सगळी टेबलं पुरुषांनी भरलेली. तिथे कविता झाल्या, नाटकं ठरली, संप ठरले, पक्ष फुटले. एका चहावर तीन तास बसता यायचं याचं या मंडळींना फार कौतुक. ते तीन तास घरी कोण काय करत होतं, हा प्रश्न मी वाचलेल्या एकाही लेखात आलेला नाही.

मैत्रिणींनो, मला आठवणींवर राग नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खाण्याच्या आठवणी निघतात तेव्हा कोणी खाल्लं याबरोबर कोणी रांधलं, कोणी बसून खाल्लं, कोणाला उंबऱ्याबाहेर उभं केलं, कोणाचे पैसे बुडले, हेही निघायला हवं. ते निघत नाही, म्हणून आपण काढायचं.

आधी फॅमिली रूमबद्दल बोलते, कारण आजच्या मुलींना ती माहीत नसते. इराण्याच्या हॉटेलात बाहेरचं दालन म्हणजे संगमरवरी गोल टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर आरसे, गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या बरण्या. आत किंवा पोटमाळ्यावर लाकडी फळ्यांचे कप्पे, त्यांना झुलती अर्धी दारं नाहीतर मळका पडदा. ती फॅमिली रूम. बाई सोबत असली की तिथे जायचं. आम्ही दोघी-तिघी कॉलेजातल्या मैत्रिणी १९७८-७९ च्या सुमारास बाहेरच्या टेबलाशी बसलो, की वेटर फडकं खांद्यावर टाकून यायचा आणि ऑर्डर न घेता मान आतल्या बाजूला हलवायचा. "फॅमिली अंदर." आमच्यात फॅमिली कोणीच नव्हतं. तरी आत जायचो. आत उकडायचं, शेजारच्या कप्प्यातलं कुजबुजणं ऐकू यायचं आणि चहा बाहेरच्यांपेक्षा उशिरा यायचा.

हेही सांगायला हवं की त्या पडद्याचा आम्ही उपयोग करून घेतला. मथुरा खटल्याचा फेरविचार व्हावा म्हणून ८ मार्च १९८० ला मुंबईत आणि इतर शहरांत बाया रस्त्यावर आल्या. त्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत आमची निम्मी पत्रकं फॅमिली रूममध्ये लिहिली गेली. बलात्काराच्या कायद्यावर मोठ्याने बोलायला घरात जागा नव्हती, ऑफिस नव्हतं, बाहेरच्या टेबलाशी माना वळल्या असत्या. कप्प्यात कोणी विचारत नव्हतं. शेजारच्या कप्प्यात कोणी बाळाला पाजत असायची, कोणी बुरखा वर करून निवांत चहा घेत असायची, कोणी चोरून भेटायला आलेली जोडी असायची. शहरात बाईला बसायला जी थोडीफार जागा होती, ती अशी फळ्या ठोकून केलेली होती. कोंडलेली होती, पण होती. म्हणून इराणी हॉटेलं बंद पडतात तेव्हा मलाही वाईट वाटतं. धोबीतलावचं बस्तानी २००४ मध्ये बंद झालं तेव्हा मी मुद्दाम त्या रस्त्याने चालत गेले होते.

आणि मुतारी? पुरुषांसाठी मागच्या बाजूला काहीतरी सोय असायची. आमच्यासाठी बहुतेक ठिकाणी नव्हती. म्हणून आम्ही चहा अर्धा कप प्यायचो, पाणी टाळायचो. तीन तास बसण्याच्या आठवणी बायकांच्या लेखणीतून का येत नाहीत, याचं एक साधं उत्तर हे आहे. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ची मोहीम उभी राहिली आणि त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक आलं. बाईला शहरात काही कामाशिवाय, नुसतं बसायचा, रेंगाळायचा हक्क हवा, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. ते वाचताना मला ग्रंथालयाच्या आधी इराण्याची खुर्ची आठवली.

मात्र फॅमिली रूमचं हे गाऱ्हाणं हॉटेलचा उंबरा ओलांडू शकलेल्यांचं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या शिबिरात ओळखीचा खेळ म्हणून प्रत्येकीने तरुणपणचा आवडता पदार्थ आणि आवडतं हॉटेल सांगायचं ठरलं. साबुदाणा वडा झाला, पियुष झालं, बटाटावडा तर तिघींनी सांगितला. बीड जिल्ह्यातून आलेल्या एका साथीदार मैत्रिणीची पाळी आली. ती म्हणाली, "हॉटेल म्हणजे आमच्या गावात एसटी थांब्यावर होतं. आमच्या लोकांच्या कपबश्या छपराच्या वळचणीला अडकवलेल्या. बापू तिथे उभ्याने चहा प्यायचे आणि कप विसळून परत ठेवायचे. आईने तिथे कधीच काही खाल्लं नाही. मला पदार्थ आठवतो तो मिलो." मग तिने १९७२ चा दुष्काळ सांगितला. रेशनवर आलेली ती तांबडी अमेरिकन ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. खडी फोडणाऱ्या बाया आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून घरी न्यायच्या. तिने सुकडीची चव सांगितली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अगदी खरं सुख होतं. गुळाचा गोडपणा, तेलाचा वास. "अजून कधी कधी खावीशी वाटते," ती म्हणाली. खोलीत कोणालाच काय बोलावं ते कळेना.

त्याच दुष्काळाच्या आणि महागाईच्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. चळवळीच्या इतिहासात लाटणं मोर्चा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. पण त्या लाटण्याखाली कुठलं पीठ होतं, कोणाच्या घरात लाटणं नव्हतंच कारण भाकरी हातावर थापतात, हे प्रश्न आपल्या आठवणींतही राहून गेले.

दलित घरांतल्या अन्नाबद्दल आता लिहिलं जातं आहे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नाच्या इतिहासाची आणि आठवणींची पुस्तिका काढली. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. त्यात चान्या आहेत, रक्ती आहे, मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत ते कसं शिजायचं ते आहे. त्याच वर्षी, मार्च २०१५ पासून, महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंनाही लागू झाला. म्हणजे कोणाची आठवण पुरवणीत छापून येते, तर कोणाची आठवण कायद्याने गुन्हा ठरते. 'आपली जुनी खाद्यसंस्कृती' हे शब्द ऐकले की मी आता आधी विचारते, आपली म्हणजे कोणाची?

आता खानावळीकडे येते. मला लिहायचं होतं ते मुळात हेच, कारण मी खानावळीत वाढले.

लालबाग-परळ, डिलाईल रोड, काळाचौकी या गिरणगावात हजारो पुरुष एकटे राहायचे. कोकणातले, घाटावरचे. बायको गावी, शेताच्या तुकड्यावर. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपणार. त्यांच्या जेवणाची सोय करायच्या चाळीतल्या बाया. कोणाचा नवरा वारलेला, कोणाचा दारूत बुडालेला, कोणाचा बदली कामगार. माझे वडील बदलीच होते. गिरणीच्या दाराशी रोज उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस घरी पैसा नाही. आईने चार जेवणारे धरले. मी दहावीला असताना अकरा झाले होते.

अकरा पुरुषांची खानावळ म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण पुरवणीतल्या लेखात हे येत नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सात. म्हणजे आईचा स्टो तिन्ही पाळ्यांत चालायचा. पहाटे चारला चाळीच्या नळाला पाणी यायचं. ते भरलं की पहिल्या पाळीचे डबे. मग रातपाळी करून आलेल्यांचं जेवण. मग दुपारच्या पाळीला जाणाऱ्यांचं. मग पहिल्या पाळीहून सुटलेल्यांचं. संध्याकाळी दुसऱ्या पाळीचे डबे गिरणीच्या दारापाशी पोचवायचे. ते काम माझं आणि धाकट्या भावाचं. मग रात्रीची जेवणं. दिवसाला साठ-सत्तर चपात्या आणि भाकऱ्या. कोकणातल्यांना भात आणि बांगड्याचं नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण हवं, घाटावरच्यांना भाकरी आणि खर्डा. बहुतेक खानावळी म्हणून मुलुखामुलुखाच्या वेगळ्या असायच्या. आमची मिसळलेली होती, म्हणजे आईला काम दुप्पट.

खोली दहा बाय बारा. पंगत बसली की आम्ही मुलं बाहेर गॅलरीत. अभ्यास जिन्यात. जेवणारे उठले की फरशी पुसायची आणि मग आम्ही बसायचो. आई सगळ्यांत शेवटी. तिला मी ताजी, गरम चपाती खाताना कधी पाहिलेलं नाही. उरलेल्या रश्शात भात कालवून, तेही पुष्कळदा उभ्याने.

पैसे महिन्याने यायचे, पगार झाला की. वाण्याचं सामान मात्र आधी आणावं लागे आणि उधारीवर तो भाव जास्त लावायचा. रोखीने घेणाऱ्याला एक दर, खानावळवालीला दुसरा. कधी पितळी हंडा गहाण पडायचा, कधी मंगळसूत्राच्या वाट्या. जेवणारा गावी गेला तर खाडे धरून पैसे वजा. आई आजारी पडली तर मात्र खाडा नाही. सरकारदरबारी ती 'गृहिणी' होती. रेशनकार्डावर तसंच लिहिलेलं होतं. अकरा कामगारांना तीन पाळ्यांत उभं ठेवणारी बाई कामगार नव्हती. गिरण्यांचा कापडाचा दर काढताना कामगाराची मजुरी धरत होते. त्या मजुरीत तो पोट भरू शकत होता तो आईसारख्यांच्या फुकट जागरणावर. गिरणीमालकांच्या नफ्यात तिचा घाम होता हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला कोणी शिकवलं नाही. ते प्रेमाताई पुरव यांच्या सभेत ऐकलं.

प्रेमाताई गोवा मुक्ती लढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. मोर्च्यात येणारे कामगार जेवतात कुठे, असा त्यांना प्रश्न पडला आणि त्या खानावळवाल्यांच्या दारात गेल्या. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबांना कर्ज द्यावं असं धोरण होतं. पण गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेच्या पायरीवर कोण उभं करणार? मंडळाने गट केले. बायांनी एकमेकींची हमी घ्यायची. आईने पहिल्या कर्जातून गहू आणि तांदूळ रोखीने, होलसेल भावात आणले. वाण्याच्या दुकानावरून जाताना ती त्या दिवशी मुद्दाम हळू चालली, असं शेजारची काकू सांगायची. आज बचत गट आणि छोट्या कर्जांची भाषा सगळीकडे ऐकू येते. गिरणगावातल्या अंगठेबहाद्दर बाया ते त्या आधी करत होत्या.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. या संपाबद्दल कादंबऱ्या झाल्या, नाटकं झाली, सिनेमे झाले. पण संपाच्या दुसऱ्या महिन्यापासून पगार नाही, तेव्हा कामगार जेवला कुठे? काही गावी गेले. जे राहिले ते खानावळीत जेवले, उधारीवर. आईने चार महिने कोणाला नाही म्हटलं नाही. पाचव्या महिन्यात चपातीऐवजी नुसता भात झाला, मग पेज. बँकेचे हप्ते थकले. संप कधी मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही. गिरण्या काही उघडल्या, पुष्कळशा पुढे बंद पडल्या, माणसं पांगली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींवरून केलेला मोठा ग्रंथ २००४ मध्ये आला. त्यासारखं काम झालं म्हणून निदान काही आवाज तरी शिल्लक आहेत.

आईची वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. ती लिहू शकत नव्हती, म्हणून हिशेब मी लिहायची. १९८२ च्या पानांवर नावांपुढे जेवणांच्या काड्या आहेत आणि 'जमा' या रकान्यात काही नाही. त्यातला एक जण १९८९ मध्ये आला. रत्नागिरीकडचा. पाठीवर तांदळाचं अर्धं पोतं, खिशात नोटा. आईला म्हणाला, "वहिनी, माझ्या नावावर काट मारा." आईने मला वही काढायला लावली आणि काट मारताना शेजारी बसून राहिली. असे दोघे आले. बाकीचे नाही. त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांची गिरणी गेली होती. पण त्यांची देणी थकली याच्या बातम्या झाल्या, युनियनने दावे केले, घरांसाठी लढे झाले. आईची देणी कुठल्याही मागणीपत्रात नव्हती.

म्हणून पुरवणीतल्या लेखात 'खानावळवाल्या मावशी किती मायेने वाढायच्या' असं वाचलं की मी तिथे थांबते. माया होती. कोणाला ताप आला तर आई वेगळी मऊ खिचडी टाकायची, पैसे लावायची नाही. परंतु तो शब्द असा वापरतात की बाकी काही बोलायची गरजच उरत नाही. गिरणीतल्या जॉबरने यंत्र मायेने चालवलं असं कोणी लिहीत नाही. तिथे पाळी, मजुरी, बोनस असे शब्द येतात. बाईने चूल पेटवली की माया. मजुरी मागायची जागाच त्या शब्दाने पुसली जाते.

हा जुन्या काळाचा प्रश्न आहे, असं म्हणून सोडून देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची त्यातली रोजची सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. यात 'आईच्या हातची चव' केवढी मिनिटं खाते ते ज्याने त्याने मोजावं. विकतची पुरणपोळी आणली म्हणून आजही सुना बोलणी खातात. गिरगावात १९५९ मध्ये सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि लिज्जत उभी राहिली. तेव्हापासून कितीतरी घरांतलं पापडाचं वाळवण सुटलं. पोळी-भाजी केंद्रांनी नोकरी करणाऱ्या बायांची संध्याकाळ थोडी मोकळी केली. तरी पापडाच्या आठवणी लिहिताना लोक गच्चीवरच्या उन्हात लाट्या पळवण्याबद्दल लिहितात, पाठीला रग लागलेल्या आजीबद्दल नाही.

अलीकडे तर हॉटेलवाल्यांनी ही आठवणच विकायला काढली आहे. हायवेवर 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचं मटण' असे फलक लागतात. दाराशीच मातीची चूल, तिच्यापुढे नऊवारी नेसवलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई भाकऱ्या थापत बसलेली. येणारी मंडळी तिचे फोटो काढतात, तिला न विचारता. आत एसी. ती धुरात. चुलीच्या धुराने बायांच्या छातीचं काय होतं हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. धुरातून सुटका म्हणून २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या दिल्या गेल्या, सिलिंडरच्या किमतीमुळे तो पुन्हा भरणं कितीजणींना जमतं हा वेगळाच वाद. एकीकडे हे आणि दुसरीकडे ज्यांनी आयुष्यात कधी चूल फुंकली नाही त्यांना चुलीची ओढ. एकदा अशा ठिकाणी मी त्या बाईशी बोलायला बसले. घरी काय वापरता, विचारलं. "गॅस," ती हसून म्हणाली. "चूल फक्त इथं, ड्युटीवर."

तर आपण काय करायचं? मला वाटतं, लिहायचं. आपल्या भागात खानावळ, पोळपाट-लाटण्याची कामं, मेसचे डबे, लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केलेल्या बाया अजून आहेत. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, म्हणून उशीर करून चालणार नाही. पाककृती विचारू नका, त्या पुष्कळ लिहून झाल्या आहेत. किती जण जेवायचे, कोणत्या वेळी, सामान कोणाकडून, कोणत्या भावाने, कोणी बुडवलं, कोण आजारी असताना कोणी उचललं, स्वतः कधी जेवायच्या, हे विचारा. वह्या असतील तर त्यांची पानं फोटो काढून ठेवा. आणि एक प्रश्न विसरू नका : तुम्हाला स्वतःला काय आवडायचं?

आमच्या गटातल्या तिघींनी हे काम गेल्या पावसाळ्यापासून सुरू केलं आहे. आतापर्यंत नऊ बाया झाल्या. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जणी आधी गप्प होतात, मग जेवणाऱ्यांच्या आवडी सांगायला लागतात. त्यांना पुन्हा विचारावं लागतं. एकीला बर्फाचा गोळा आवडायचा, काला खट्टा, पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईने ते सांगावं का अशी तिला शंका. एक म्हणाली, दुसऱ्याने वाढलेलं काहीही. एकीला गरोदरपणी खावीशी वाटलेली आणि न मिळालेली इराण्याकडची खारी.

काळाचौकीच्या एका आजींनी मात्र लगेच उत्तर दिलं. खानावळीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी त्या चौघीजणी बँकेतून निघाल्या आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. फॅमिली रूमकडे वेटरने मान हलवली तरी उठल्या नाहीत, बाहेरच्याच टेबलाशी, पंख्याखाली बसल्या. आम्लेट-पाव खाल्लं. आम्लेटमध्ये मिरची कमी होती आणि कांदा जाड चिरलेला होता, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवत होतं. "मी केलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, "पण मी केलं नव्हतं ना!" आणि बिल चौघींत कोणी दिलं ते त्यांनी आम्हाला निघेपर्यंत तीनदा सांगितलं.